लडाखहून आलेले गाल

"वहिनी, एक ध्यानात ठेवा. गालांचा रंग उतरत नाही तोवर याला घराबाहेर काढू नका."

अकोला स्टेशनावर गाडी हलता हलता देवमनने खिडकीतून हे सांगितलं आणि ललिताने ते हसण्यावारी नेलं. देवमन हा तिच्या नवऱ्याचा, धर्मपालचा, सोबती. दोघंही सरहद्दीवर रस्ते बांधणाऱ्या खात्यात ओव्हरसियर. बासष्टच्या लढाईनंतर सरकारला डोंगरांची आठवण झाली, त्या आठवणीपायी दोघांनीही दीड वर्षं लडाखात काढली होती. आता उन्हाळ्याच्या सुटीवर आले होते. देवमन पुढे अमरावतीला चालला होता. गाल त्याचेही लालच होते.

आता लाल गाल ही काय लपवायची गोष्ट? दीड वर्षं वस्तीतल्या बायकांनी "तिकळे मानूस वाळून जाते वो" असं सांगून सांगून ललिताची झोप उडवली होती. आणि हा तर सफरचंदासारखा तजेलदार होऊन आला होता! त्याला बुरखा घालून न्यायचं? तिने उलट उघडा टांगा केला. माणसाला जे मिरवावंसं वाटतं, नेमकी त्याचीच फिर्याद व्हायची असते.

टांग्यात बसल्या बसल्या धर्मपाल झोपला. फार उंचावरून खाली आलेल्या शरीराला काही दिवस ग्लानी येते, चक्कर येते, हे त्याला तिकडच्या डॉक्टरने सांगितलं होतं आणि तो घरी सांगायचं विसरला होता. नवऱ्याची मान टांगेवाल्याच्या खांद्यावर पडली, आणि टांगेवाला घोड्याऐवजी आपल्याकडे बघतो आहे, एवढंच ललिताला दिसलं. मांडीवरच्या विशाखाने बापाला जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. घरापाशी उतरताना धर्मपालचा पाय पायरीवरून सटकला. त्याने टांग्याचं चाक धरलं आणि चाकालाच म्हणाला, "थांब जरा."

समोरच्या ओट्यावर पार्बताबाई तूर पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. पार्बताबाईंचे यजमान दारूतच गेले, त्यामुळे त्या विषयात वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी गाल पाहिले, बर्फावरच्या उन्हाने तांबारलेले डोळे पाहिले, चाकाशी चाललेलं बोलणं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"आला वाट्टे सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "भरून आला."

हा 'सेक्रेटरी' शब्द म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा दारू सोडण्याची शपथही घेतली. शपथ घेणं एका दिवसाचं काम आणि पाळणं रोजचं, म्हणून दारू-सोडा मंडळ निघालं आणि धर्मपाल त्याचा सेक्रेटरी झाला. तरुण होता, तत्त्वाचा होता. म्हणजे थोडक्यात, असह्य होता. लोकांच्या माजघरात शिरून त्याने मडकी फोडली होती. ज्यांची मडकी फुटली ते सुधारले, पण विसरले नव्हते. पुढे सरकारनेही दारूबंदी आणली, म्हणजे दारू आडवाटेने मिळू लागली. पण सेक्रेटरीची दहशत सरकारपेक्षा मोठी होती. त्या सेक्रेटरीला आज डुलत उतरताना बघून कितीतरी घरांत त्या दिवशी जेवण गोड लागलं.

हे एवढ्यावर भागलं असतं, तर ललिताने पदर खोचून सोसलं असतं. पण धर्मपालची बहीण पंचफुला म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होती. तिचं लग्न तेल्हाऱ्याच्या बुधाजींच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगाही मास्तर. दोघं ट्रेनिंग कॉलेजात एका वर्गात होती आणि त्यांची पसंती आधीच होऊन गेली होती. फक्त ते कोणाला सांगायचं नसतं. सगळं अडलं होतं ते धर्मपाल सुटीवर येण्यापायी. आणि बुधाजींची ख्याती अशी की ज्या घरात दारूची बाटली नुसती रॉकेल आणायला वापरतात, त्या घरचं पाणीही ते पीत नसत.

पहिला उपाय सासूबाईंनी केला. दुर्गाबाईंच्या मते चैत्रापासून मृगापर्यंत माणसाला एकच रोग होऊ शकतो.

"ऊन लागलं माह्या पोराले. डोये पाह्य कसे झाले! गाल पाह्य!"

"आत्याबाई, ते बर्फातून आलेत."

"बर्फातून आला म्हनूनच लागलं. आपल्याले सवय हाय." आणि दुर्गाबाईंनी कांदे ठेचले. तळपायांना चोळले, कपाळावर थापले, एक खिशात घातला, एक उशाशी ठेवला. धर्मपाल कांद्यात मुरत पडला.

संध्याकाळी पार्बताबाई ताक मागण्याच्या निमित्ताने आल्या, दारातच थबकल्या, नाक वर केलं आणि तशाच निघून गेल्या. ताकाचं भांडंही विसरल्या. रात्र पडायच्या आत वस्तीभर झालं, "वास मारायले कांदा चोळून राहिले."

तेव्हा ललिताने ठरवलं, आता शिक्षण वापरायचं. ती अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा लग्न झालं. त्यामुळे शरीरशास्त्रात हृदय आणि रक्तवाहिन्या पुऱ्या झाल्या होत्या, मूत्रपिंडं राहिली होती. संसारात आजवर तिला नेहमी मूत्रपिंडांबद्दलच विचारलं गेलं. हृदयाचा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. ती ओट्यावर आली आणि जमलेल्या बायकांना तिने नीट समजावलं. उंचावर हवा विरळ असते. श्वासातून अंगाला पुरेसं मिळत नाही. म्हणून आधी हृदय घाईला येतं, धडधडतं. फुप्फुसातल्या नळ्या आवळतात, त्यांतून रक्त रेटायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पण किती दिवस धावणार? मग शरीर युक्ती करतं. रक्तातले तांबडे कण वाढवतं, म्हणजे थोड्या हवेत भागतं. ते वाढलेलं तांबडं रक्त गालांत दिसतं.

बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पार्बताबाई म्हणाल्या, "म्हंजे हवा कमी म्हनून रक्त जास्त?"

"हो!"

"मंग उपाशी मानसाचं पोट मोठं व्हाले पायजे, बाई. आमच्या घरात तं नाही झालं कोनाचं."

यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. बहुतेक ते मूत्रपिंडांनंतर असावं.

दुसऱ्या दिवशी ललिता नवऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिच्या पोटात खरी भीती वेगळीच होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. एवढं दाट रक्त, त्यात वऱ्हाडातला मे महिना, घामाने अंगातलं पाणी आटतं. ते रक्त आणखी दाट होऊन कुठं थिजलं तर? ती दर घटकेला त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देई आणि तो डोळे मिटला की छातीला कान लावून बघे. विशाखालाही ती असंच बघायची. घरातलं कोणी शांत झोपलं की तिला धास्तीच वाटे.

डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि कंपाउंडरला दिला. तपासण्याची रीत अशी, की रक्त एका बारीक नळीत औषधात घालायचं आणि थेंब थेंब पाणी टाकत जायचं. शेजारच्या काचेच्या रंगाशी रंग जुळला की थांबायचं. कंपाउंडरने पाणी टाकलं. रंग जुळेना. आणखी टाकलं. नळीवरचे आकडे संपले. शेवटी नळी भरली, पाणी टेबलावर सांडलं, तरी रंग काचेपेक्षा गडदच.

"नळी बिघडली," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, नळी ठीक आहे. हे लडाखहून आलेत, रक्तच..."

"बाई, नळीवरचे आकडे मुंबईला छापलेत, त्यांच्या वर माणसाचं रक्त जात नाही." डॉक्टरांच्या मते मुंबई लडाखपेक्षा वरची होती. तरी माणूस सज्जन. त्यांनी छाती तपासली, हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं, पाणी भरपूर प्यायला लावलं आणि म्हणाले की महिनाभरात हे सगळं आपोआप खाली येईल.

ललिताने धीर करून विचारलं, "मग हे दारू पीत नाहीत, असं एक सर्टिफिकेट मिळेल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पीत नाही, याचं सर्टिफिकेट सरकारनं कधी मागितलंच नाही. प्रकृतीसाठी दारू लागते, असं देता येतं. त्याच्यावर परमिट मिळतं. लोक रांग लावून नेतात. ते पाहिजे असेल तर आत्ता देतो."

सरहद्दीवर परमिटाशिवाय चौकी ओलांडता येत नसे, त्या सवयीने इतका वेळ खुर्चीवर पेंगत असलेला धर्मपाल 'परमिट' शब्दावर दचकून जागा झाला आणि "कुठंय?" म्हणाला. बाहेर बाकावर वस्तीतलेच दोघं बसले होते. त्यांना तेवढंच ऐकू आलं.

वार्ता तेल्हाऱ्याला पोचायला उशीर लागला नाही. चांगली बातमी बैलगाडीने जाते, वाईट बातमीला मोटार मिळते. तिकडून निरोप आला: रविवारी बुधाजी स्वतः येत आहेत.

त्या रविवारी ललिताने जे केलं ते तिच्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं, हे ती आज कबूल करते. तिने नवऱ्याच्या गालांना पावडर लावली. एक थर दिला, लाल दिसलं. दुसरा दिला, गुलाबी दिसलं. तिसरा दिला तेव्हा तो नाटकातल्या राणीसारखा दिसू लागला, पण दारुडा दिसत नव्हता हे निश्चित.

"हे शोभतं का?" धर्मपालने आरशात बघून विचारलं. पंधरा हजार फुटांवर सुरुंग लावून कडे उडवणारा माणूस तो.

"पंचफुलाकडे बघा आणि गप्प बसा," ललिता म्हणाली.

बुधाजी आले. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. तेल्हाऱ्याला कापसातून सरकी काढायच्या जिनात ते मुकादम होते. कापसाच्या गाड्या आल्या की चिमूटभर कापूस बोटांत ओढून त्याची प्रत ठरवायचं काम त्यांचं, आणि त्यांनी ठरवलेली प्रत व्यापारीही मोडत नसे. ते खुर्चीवर बसले. पंचफुलाने पन्हं आणून दिलं. बाहेर अशी आग ओतत होती की कावळ्यांनीही चोची उघड्या टाकल्या होत्या. धर्मपालच्या कपाळावरून घामाचा पहिला ओघळ निघाला आणि पावडरीतून वाट काढत गालावर उतरला. मागून दुसरा. पांढऱ्या गालावर तांबडे पट्टे उमटत चालले.

बुधाजी उठले. जवळ आले. त्यांनी धर्मपालचा गाल चिमटीत धरला, ओढला, सोडला आणि बोटाला लागलेली पावडर धोतराला पुसत ते परत खुर्चीवर बसले.

"ललिताबाई, हे काय होय?"

ललिताने पुन्हा हृदय सांगायला घेतलं, पण या वेळी शहाणपणाने विहिरीवरून सांगितलं. "मामाजी, विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटेच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात, जोडीला जास्त बैल लावावे लागतात. तसंच वरती हवा कमी, म्हणून रक्त वाढतं."

"बरं. मंग आता पानी वर आलं. बैल काहून नाही सोडले?"

"बैलांना कळायला वेळ लागतो, मामाजी."

"बैलाले लवकर समजते," बुधाजी म्हणाले. "मानसाले वेळ लागते." आणि धर्मपालकडे वळून त्यांनी विचारलं, "धर्मपालबुवा, तुमचं काय म्हननं हाय?"

धर्मपालचं काही म्हणणं नव्हतं. तो झोपला होता.

आतल्या दाराशी पंचफुलाच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता बुधाजी उठतील, चप्पल घालतील आणि विषय संपेल, असं ललिताला वाटलं. बुधाजी उठले नाहीत. त्यांनी झोपलेल्या माणसाची लोंबलेली मान हाताने सावरली.

"नाही म्हनून निंघून जाणं सोपं हाय," ते हळूच म्हणाले. "माहा लहाना भाऊ असाच बसल्या जागी झोपे. मी त्याले 'तुहं तोंड पायनार नाही' म्हनून सोडून देल्लं. त्याचं मेलेलं तोंडच पाह्यलं मंग. तवापासून मी कोनाले सोडत नसतो." ते दाराकडे वळून ओरडले, "गाडीतून माही वळकटी आना! मी अठीच राह्यतो!"

आणि ते राहिले. जिनाचा हंगाम संपलेलाच होता. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. पण दयेवर आलेल्या माणसापुढे कोण काय करणार? धर्मपाल मोरीत गेला की बुधाजी दाराबाहेर खाकरत. लोटा घेऊन निघाला की मागे दुसरा लोटा निघे. ललिताने पाण्याचा तांब्या भरून दिला की आधी बुधाजी एक घोट घेत आणि मग मान हलवून पुढे करीत. देवमनची आठवण काढून धर्मपाल एकदा म्हणाला, "अमरावतीला जाऊन येतो," तर बुधाजी फेटा बांधून तयार. शेवटी कोणीच गेलं नाही.

रोज सकाळी प्रत ठरायची. बुधाजी धर्मपालला ओट्यावर उजेडात उभा करत, गाल चिमटीत धरून ओढत आणि जमलेल्या वस्तीला निकाल सांगत. पहिले काही दिवस "जैसे थे." मग एके दिवशी, "आज रतीभर उतरला." पार्बताबाई तूर पाखडायचं सोडून बघत. पोरं खेळायला जाण्याआधी निकाल ऐकून जात. धर्मपाल डोळे मिटून उभा राही. त्याने वर्षानुवर्षं लोकांची मडकी फोडली होती. आता तो स्वतः मडक्यासारखा वाजवून बघितला जात होता.

महिना होत आला तसा रंग उतरला. ललिताला ठाऊक होतं की जुने तांबडे कण मरत जातात आणि शरीर आता नवे तेवढे करत नाही. झोप ओसरली, चक्कर गेली. बुधाजींनाही ठाऊक होतं, पण वेगळं. त्यांच्या पहाऱ्याने दारू सुटली होती.

"मामाजी, हे आपोआपच उतरणार होतं. डॉक्टरांनी..."

"आपोआप गवत उगवते, बाई. मानूस आपोआप सुधरत नसते."

त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, सोयरीक पक्की. फक्त एक अट. समाजमंदिरासमोर मंडळाची सभा घ्यायची, आणि धर्मपालने चार माणसांत उभं राहून दारू सोडल्याचं सांगायचं.

धर्मपालचे गाल पुन्हा लाल झाले. या वेळी त्याला डोंगर कारण नव्हते. "मी आयुष्यात थेंब घेतला नाही! काय सोडू? मी सेक्रेटरी आहे त्या मंडळाचा!"

पंचफुला दारात आली. तिच्या डोळ्यांखाली महिन्याभराचं जागरण दिसत होतं. "दादा, तू खरं तेच सांग," ती म्हणाली. "लगन नाही झालं तं नाही. तुह्या इज्जतीपेक्षा मोठं नाही थे." एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीपुढे बसून विझलेल्या राखेत फुंकणी फुंकत राहिली.

सभेला गर्दी झाली. ज्यांची मडकी फुटली होती ते पुढच्या रांगेत होते. बुधाजींनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली आणि मग म्हणाले, "बोल बाबू."

धर्मपाल उठला. त्याने पुढच्या रांगेकडे पाहिलं. ललिताला मांडीवरच्या विशाखाची छाती आणि स्वतःची छाती, दोन्ही वेगवेगळ्या वाजताना ऐकू आल्या. उंचावर हृदय कसं धावतं ते तिने पुस्तकात वाचलं होतं. सपाटीवर कसं धावतं ते आज कळत होतं.

"आजपासून," धर्मपाल म्हणाला, "मी पिणार नाही."

टाळ्या थांबेनात. यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच ते ललिताला जास्त झोंबलं. पुढच्या रांगेतला एक जण उठून धर्मपालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "होते राज्या, होते. मानूसच हाय आपन." पार्बताबाई हार घेऊन आल्या. हार घालता घालता त्यांना रडू कोसळलं. "माह्या घरच्याले असा मुकादम भेटला असता तं..." ललिताने रागाने भरलेलं तोंड उघडलं होतं. ते तिने मिटून घेतलं.

लग्न झालं. धर्मपाल लडाखला परत गेला. तिकडे तरी त्याला कोणी सुधारलेला म्हणत नाही, एवढंच समाधान त्याने कळवलं. मंडळाने आता बुधाजींना अध्यक्ष केलंय आणि बार्शीटाकळीपर्यंतच्या गावांतून त्यांना बोलावणी येतात. कोणाच्या घरी जातील आणि किती दिवस राहतील याचा नेम नाही. प्रत मात्र रोज ठरते.

आणि म्हणून ललिताचं वाचकांकडे एक काम आहे. संत्र्यांच्या निमित्ताने किंवा आणखी कशाने तुमचं शेंदूरजनाघाटला जाणं-येणं असेल, तर गोवर्धन नावाच्या ओव्हरसियरला जरा बघून या. धर्मपालच्याच तुकडीतला, परवाच सुटीवर उतरलाय. घरी फक्त म्हातारी आई, तिला ऐकू येत नाही. समजावून सांगणारं कोणी नाही. तो ओट्यावर झोपलेला सापडेल, गाल भडक लाल असतील. हलवू नका. उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवा, छातीला कान लावून ठोके नीट पडताहेत ना तेवढं बघा, आणि गल्लीत कोणी नाक वर करून उभं असेल तर त्याला सांगा, हा माणूस डोंगरावरून आला आहे.

पण जायचं तर लवकर जा. बुधाजींची वळकटी काल तिकडे जाणाऱ्या मोटारीच्या टपावर चढताना पंचफुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.